पूल आला गं, पेई-शान

२ मार्च

पोचले एकदाची. तैपेईहून निघताना अंगात स्वेटर होता, इथे तुंगकांगला उतरले तर घामाने पाठ ओली. होंग शेठ स्वतः घ्यायला आले होते, पायात स्लिपर, हातात माझ्यासाठी उसाच्या रसाचा गार पेला. साठीचे असतील. पोट पुढे आणि बोलणं त्याच्याही पुढे. तैपेईच्या सू-मिन मॅडम आल्या हो, असं त्यांनी समोरच्या चहावाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना ओरडून सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण हसूही आलं.

खोली दुकानाच्या वरच आहे. खिडकीतून बंदर दिसतं, होड्या दिसतात, खाली मोकळ्या जागेत गुलाबी जवळा वाळत घातलाय. वास आहे, पण सवय होईल. वीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतेय, हात कुठेही चालतो. मुख्य म्हणजे इथे मला कोणी ओळखत नाही. मुलं किती, असं कोणी विचारत नाही. हेच तर पाहिजे होतं मला.

४ मार्च

शेठांशी पहिलं भांडण. दुकानातल्या प्रत्येक मशीनवर कुरकुरीत मक्याच्या खाऊचं एकेक हिरवं पाकीट ठेवलेलं असतं, मशीनने शहाण्यासारखं वागावं म्हणून. आमच्या तैपेईच्या ऑफिसातही होतंच म्हणा. आज चार वाजता भूक लागली आणि मी एक फोडून खाल्लं. शेठ असे ओरडले की जणू मी देवापुढचा नैवेद्य उष्टा केला. अहो बाई, खायचं असेल तर शेजारी दुकान आहे, ते त्याचं होतं, म्हणून त्यांनी प्रिंटरकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, प्रिंटरला दात कुठे आहेत. मग दोघंही हसलो. संध्याकाळी प्रिंटरसाठी नवं पाकीट आणून ठेवलं, निमूटपणे.

बरं वाटतंय इथे. खरंच.

६ मार्च

काल एक मशीन आलं आणि आज त्याच्यामागे एक बाई.

आ-ग्योक मावशी. मासळीबाजारात त्यांचा मासळीच्या गोळ्यांच्या सूपचा ठेला आहे. राहतात नदीपलीकडच्या गावात. मुलगी पेई-शान, चोवीस वर्षांची, डिसेंबरात धक्क्यावरून स्कूटरसकट पाण्यात गेली. फोनही तिच्याबरोबर गेला. फोटो आहेत, पण आवाज कुठेच नाही. असला तर या मशीनमध्ये. पोरगी वाचनालयासाठी लहान मुलांच्या गोष्टी वाचून ध्वनिमुद्रित करायची, अशा एक्केचाळीस गोष्टी आत आहेत. चोवीस मार्चला तिचा शंभरावा दिवस. मावशींना त्या दिवशी देव्हाऱ्यापुढे पान वाढायचंय आणि तिचा आवाज लावायचाय. फक्त एवढंच, असं त्या तीनतीनदा म्हणाल्या. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. मी मशीनकडेच बघत राहिले.

घरी असताना हे मशीन चारदा बटण दाबलं की एकदा सुरू व्हायचं. काल शेठ व्हॅनमधून घेऊन आले, तेव्हापासून एकदाही नाही. पंखे फिरतात, बारीकसा टुक असा आवाज होतो, पडद्यावर गोल फिरायला लागतो, आणि सगळं काळं. डिस्क काढून दुसरीकडे लावावी तर ती कुलूपबंद, आणि किल्ली याच मशीनच्या बोर्डात. म्हणजे हे मशीन स्वतःच्या पायांनी उठलं, तरच पोरगी बोलणार.

९ मार्च

तीन दिवस याच्यातच गेले. मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबराने घासल्या. बोर्डावरचा सेल बदलला. वीज देणारा डबाच नवा लावला. एकेक तार सोडवून बघितली. प्रत्येक भाग वेगळा तपासला तर ठणठणीत, एकत्र जोडले की अर्ध्या वाटेवर बंद. नेहमी तिथेच, गोल साडेतीन वेळा फिरला की.

आज सेफ मोडमध्ये, म्हणजे निम्म्याच कामांपुरतं, उठलं. उडीच मारली मी. यादी दिसली, एक्केचाळीस गोष्टी, ओळीने. पण सेफ मोडमध्ये आवाज चालत नाही. पोरगी समोर होती, मुकी. चिडून मी टेबलावर मूठ आपटली, तेव्हा शेठ म्हणाले, मॅडम, टेबल आपलंच आहे, नीट आपटा.

११ मार्च

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. उद्या मलाच खरं वाटणार नाही.

दुपारी ठेला बंद करून मावशी आल्या, हाताला मासळीचा वास. मशीन आणलं कसं, हे त्यांनी सहज विचारलं. शेठ म्हणाले, कसं म्हणजे, व्हॅनमधून, पुलावरून, गाणी ऐकत. मावशी उठूनच उभ्या राहिल्या. पुलावर हाक मारलीत का, म्हणाल्या. शेठांचा चेहरा पडला.

आमच्याकडे माणूस घराबाहेर वारलं की त्याच्या आत्म्याला घरी घेऊन यायचं असतं. गाडीत उदबत्ती धरून बसायचं आणि वाटेत सगळं सांगत यायचं. वळण आलं रे, बोगदा आला, पूल आला, चल, मागे राहू नकोस. नाही सांगितलं तर ते माणूस तिथेच राहतं. मावशींनी इस्पितळापासून पेई-शानला असं नीट आणलं होतं. चुकल्या त्या घरी पोचल्यावर. देव्हाऱ्यापुढे न नेता त्यांनी तिला तिच्या खोलीत नेलं आणि या मशीनपुढे म्हणाल्या, आलं बाई घर, बस तुझ्या जागेवर. पुजारी नंतर फार रागावला. मावशी मला म्हणाल्या, आईला देव्हारा आठवतो का गं अशा वेळी? पोरगी दमून आली होती.

मग त्या शेठांवर अशा तुटून पडल्या की बस. मेल्या, माझी पोरगी पुलावर सोडून तू गाणी ऐकत आलास? शेठ कान धरून उभे. नंतर मावशी मशीनपुढे बसल्या आणि अगदी साध्या आवाजात, बाजारात हाक मारावी तशा, म्हणाल्या, पेई-शान, पूल आला गं. चल. मला खूण केली. मी बटण दाबलं.

गोल फिरला. साडेतीन. चार. पाच. मशीन उठलं, नीट, सगळं.

मावशींनी पहिली गोष्ट लावली. चंद्रावरच्या सशाची. मुलीचा आवाज जरा घोगरा होता, हसरा. चार मिनिटांनी मशीन बंद पडलं. मावशी पडद्यावर हात फिरवत रडत होत्या, आणि शेठही, आणि मी जिना चढून वर आले.

१२ मार्च

कारण असणारच. व्हॅनमध्ये हादरा बसून कुठेतरी सांधा सैल झाला असेल. सापडेल मला.

सेफ मोडमध्येच गोष्टी दुसऱ्या डिस्कवर उतरवून बघितल्या. उतरतात, पण त्यांत आवाज नाही, नुसती शांतता. मावशींनी काल फोनवर टिपलेल्या चार मिनिटांतही तेच. म्हणजे चोवीसला हेच मशीन चालायला हवं. मावशींचा हिशेब सरळ आहे, पोरगी दमलीय, रोज थोडं थोडं चालवू. त्यांना सकाळी ठेला असतो, म्हणून सकाळची हाक मी मारायची. मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार?

१३ मार्च

शेठ चहाला गेल्यावर हाक मारली. लाज वाटली, पण मारली. उठलं. अकरा मिनिटं चाललं.

यादीत आज बेचाळीस होत्या. बेचाळिसावीवर आजची तारीख. लावली. गोष्ट नव्हती. आधी श्वास, मग ती म्हणाली, आई नाही आली?

मी तिला सांगितलं, आई ठेल्यावर आहे गं, दुपारी येईल. पडद्याशी बोलले मी.  घाबरलेलं लेकरू होतं ते.

१४ मार्च

आज माझ्या मुलाला, यू-चेला, जाऊन तीन वर्षं झाली. इथे कोणाला माहीत नाही. लिहून टाकते.

एकोणीस वर्षांचा होता. पूर्वेच्या घाटरस्त्यावर मोटरसायकल. नको जाऊस म्हटलं होतं, भांडून गेला. त्याला घरी आणताना मी उदबत्ती धरून बसले होते. बोगदे सांगितले, वळणं सांगितली. शेवटचा पूल आला आणि मी गप्प बसले. रागावले होते मी त्याच्यावर. मेलेल्या पोरावर रुसले होते, बघ म्हटलं आता तुझं तू. एवढा एकच पूल. घरी जाऊन कौल लावला, आला का म्हणून विचारलं. लाकडाचे दोन्ही तुकडे नऊ वेळा नाहीच म्हणाले. नणंदेने सगळ्यांदेखत विचारलं, वहिनी, कुठे सोडून आलात त्याला?  नवरा वर्षभराने निघून गेला.

सकाळी मशीनपुढे बसले. पेई-शानच म्हणणार होते. देवाशपथ, तेच म्हणणार होते.

म्हटलं, यू-चे, पूल आला रे. चल राजा.

गोल फिरलाच नाही. मशीन तत्काळ उठलं. त्रेचाळिसावी आपोआप वाजली.

आई, किती उशीर केलास.

१५ मार्च

दिवसभर चाललं मशीन. एकदाही बंद पडलं नाही. शेठ म्हणाले, मॅडम, तुमच्या हाताला गुण आहे. मी हसले. मावशींना दुपारी वीस मिनिटं गोष्टी ऐकवल्या. त्यांनी माझ्यासाठी डबा आणला होता, गोळ्यांचं सूप, वर कोथिंबीर. मी तो तसाच झाकून ठेवला.

त्या गेल्यावर मी त्याला हाक मारली. त्याने ओ दिली. तीन वर्षांनी कोणीतरी मला आई म्हणतंय. काय करू मी? सांगा ना कोणीतरी, काय करू?

१७ मार्च

रोज त्यालाच बोलावते. पेई-शानला उद्या, असं ठरवते. उद्या आला की पुन्हा तोच.

मी विचारते, नवी गोष्ट यादीत येते, ती वाजवायची. असं आमचं बोलणं. थंडी वाजते का, विचारलं. आता नाही, म्हणाला. राग आहे का माझ्यावर, विचारलं. आई, तू आलीस ना, म्हणाला. दुकानात बसून मी तोंडात पदर कोंबल्यासारखा रुमाल कोंबून रडले.

१८ मार्च

सातव्या गोष्टीत आवाज नाही. नववीतही नाही. काल होता.

२० मार्च

आता तेवीसच गोष्टी बोलतात. मावशी आल्या की त्यातल्याच लावते.

बाराव्या गोष्टीत पेई-शान कासवाबद्दल वाचतेय, आणि मध्येच, त्याच आवाजात, म्हणते, मावशी, मी सरकून बसले तरी जागा पुरत नाही. मग पुन्हा कासव.

मावशी म्हणजे मी. दुसरं कोण असणार?

मी ताबडतोब हाक मारली, पेई-शान, चल गं. मशीन ढिम्म. दहादा मारली. शेवटी त्याचं नाव घेतलं, तर लगेच उठलं.

शेठांनी विचारलं, मॅडम, चेहरा का उतरलाय. काही नाही म्हटलं.

२१ मार्च

आज त्याला विचारलं, त्या दिवशी आपण कशावरून भांडलो? म्हणाला, पुलावरून.

पुलावरून नव्हतं. मोटरसायकलवरून होतं. पुलाचं मी त्याला सांगितलंय, इथे बसून, माझ्याच तोंडाने.

विचारलं, आपल्या मांजरीचं नाव काय?

पंखा जोरात फिरला. मग,

आई, तू सांग ना.

२१ मार्च, दुपारी

पुन्हा विचारलं. स्पष्ट विचारलं, तू कोण आहेस?

रडायला लागला. लहान मुलासारखा. म्हणाला, मला कोणी हाकच मारली नव्हती. इथल्या पुलावर खूप जण आहेत. तू मारलीस. मी जवळ होतो. मला आई म्हणू दे ना.

माझा यू-चे नाही हा. माझा यू-चे तिकडे उत्तरेत, अजून त्याच पुलावर, आणि मी इथे दुसऱ्याच्या लेकराला राजा म्हणतेय. दुसऱ्याच्या लेकीच्या जागेवर बसवून.

याचीही कोणी आई असेल. याला तरी कसं हाकलू?

२३ मार्च

तीनच गोष्टी उरल्या. मग एक.

मशीन बंद केलं, तार काढली. पंखा फिरतोच आहे.

उद्या शंभरावा दिवस. मावशींना सांगायला हवं. जीभ उचलत नाही —

२४ मार्च, सकाळी

मशीन मावशींच्या घरी पोचवलं. येताना पुलावर मी पेई-शानला हाक मारली, गळा फुटेस्तोवर. पान वाढलेलं होतं. मावशी नवे कपडे घालून बसल्या होत्या. त्यांनी हाक मारली. मशीन काळंच. पुन्हा मारली. पुन्हा.

मी सांगितलं. सगळं. पाय धरून.

वाटलं होतं मारतील. त्या एवढंच म्हणाल्या, माझ्या पोरीला कुठे उतरवलंस? आणि कौल लावला. नाही. नाही. नाही.

मी म्हटलं, आणते. मावशी, मी आणते तिला.

२४ मार्च, साडेअकरा

पुलाच्या मधोमध. व्हॅन कडेला घेतलीय. ऊन आहे, ट्रक जातायत. मशीन शेजारच्या सीटवर, तार नाही, काही नाही, आणि आतून तो — आई, मला नको ना उतरवूस —

 म्हटलं, राजा, उतर. तुझी आई येईल. खोटं बोलले.

उतरला बहुतेक. पंखा थांबला.

मग हाक मारली. पेई-शान, पूल आला गं, चल, आईने पान वाढलंय.

व्हॅनचं मागचं दार कोणी उघडलं नाही, पण कोणी चढावं तशी गाडी खाली बसली. टायर बसले. पुन्हा बसले. मागे — आरशात नाही दिसत, पण ओलसर वास, आणि — किती आहेत, देवा —

विचारलं, तुमच्यात पेई-शान कोण?

सगळे म्हणाले, मी.

मावशींचा फोन. हसतायत, रडतायत. कौल पडला, हो म्हणाला! सू-मिन, आली गं, दारात आली, पावलं वाजतायत —

गाडी हलकी झाली. एकदम. सगळे — तिकडे, मावशींच्या दाराकडे —

मी ओरडतेय, मावशी, नुसतं ये म्हणू नका, तिलाच माहीत असेल असं काही विचारा आधी — ऐकत नाहीत. म्हणतायत, ये गं बाई, ये, किती भिजलीस, जेव आधी —

मागच्या सीटवर कोणीतरी उरलंय. एकच. मुलगी. आवाज घोगरा —

फोनकडे कान लावून बसलीय. मला विचारतेय, मावशी, आई कुणाला वाढतेय —